मिठाचा जमाखर्च : रक्तदाबाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या घरासाठी एक पाठ

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात नव्या खाटा, नवी यंत्रे, पार पडलेल्या शस्त्रक्रिया आणि मिळालेल्या देणग्या यांची नोंद असते, आणि ती असावीच. या लेखात मात्र आम्ही अशा एका कामाची माहिती देत आहोत, की ज्याला यंत्र लागत नाही, स्वतंत्र दालन लागत नाही आणि ज्याच्यावर दात्याच्या नावाची पाटी लावण्याची सोयही नाही. उच्च रक्तदाबाच्या व मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांच्या घरच्या मंडळींना मीठ कमी करण्याविषयी जे शिक्षण आपल्या बाह्यरुग्ण विभागात दिले जाते, ते हे काम होय. आहारतज्ज्ञ आणि परिचारिका हा पाठ घेतात. त्यातील वैद्यकीय भाग डॉक्टरांनी ठरवून दिला आहे. त्यातील हिशेबाची बाजू आमच्या कार्यालयाची आहे, आणि ती पुढे येईलच. ज्या कुटुंबीयांना पाठाला बसणे जमले नाही त्यांना तो घरी वाचता यावा, आणि देणगीदारांना व विश्वस्तांना या कामाचे स्वरूप कळावे, असा या लेखाचा दुहेरी हेतू आहे.

पाठाला येणाऱ्यांत दोन प्रकारचे रुग्ण असतात. पहिल्या प्रकारातील रुग्णांचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असल्याचे वारंवार आढळलेले असते. त्यांना बहुधा कोणताच त्रास होत नसतो, आणि म्हणूनच पथ्य हा त्यांना विनाकारण जाच वाटतो. दुसऱ्या प्रकारातील रुग्णांच्या मूत्रपिंडांचे काम मंदावलेले असते. पायांवर आणि डोळ्यांखाली सूज, रक्ततपासणीत वाढलेले क्रिएटिनिन, आणि त्यांपैकी काहींचे डायलिसिसही सुरू झालेले. हे दोन गट वेगळे दिसतात खरे, परंतु वर्षानुवर्षे न आवरलेला रक्तदाब हे मूत्रपिंडे निकामी होण्याच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. आज पहिल्या बाकावर बसलेला रुग्ण काही वर्षांनी दुसऱ्या बाकावर येऊ नये, यासाठीच दोघांना एकत्र बसवले जाते.

दुसऱ्या बाकावर येण्याची किंमत काय असते, हे कार्यालयात बसून आम्हांस रोज दिसते. डायलिसिस आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, आणि मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण न झाल्यास आयुष्यभर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि २०१६ साली सुरू झालेला प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम यांमुळे उपचाराच्या खर्चाचा मोठा भार हलका झाला, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. तरीही रुग्णाबरोबर येणाऱ्या माणसाची मजुरी बुडते, त्या माणसाचे एस.टी.चे भाडे लागते, घरी लहान मुले शेजाऱ्यांच्या भरवशावर राहतात. हा खर्च कोणत्याही बिलात चढत नाही.

मीठ पोटात गेल्यावर

साधे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. एक ग्रॅम मिठात सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असते आणि त्रास देणारा घटक तोच. सोडियम आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते. हे समजावून सांगण्यासाठी पाठाच्या टेबलावर एक लिटरची सलाईनची बाटली ठेवलेली असते आणि तिच्या शेजारी बशीत ९ ग्रॅम मीठ. नेहमीच्या सलाईनच्या एका लिटरात एवढेच मीठ असते. रक्ताचा खारेपणाही साधारण त्याच बेताचा. त्यामुळे जे मीठ शरीराबाहेर पडू शकले नाही, त्यातील दर ९ ग्रॅममागे सुमारे एक लिटर पाणी अंगात अडकते आणि वजन किलोभराने वाढते. हे वजन मांसाचे किंवा चरबीचे नव्हे. ते पायांत उतरते, फुप्फुसांत साठते, आणि रात्री उताणे झोपले की धाप लागते.

निरोगी माणसाची दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्या द्रवात जवळजवळ दीड किलो मीठ असते. त्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक मीठ मूत्रपिंडे परत रक्तात घेतात आणि आपण खाल्लेल्या मिठाच्या बेताने उरलेले काही ग्रॅम लघवीवाटे सोडून देतात. हिशेबाच्या कामात आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना हा आकडा फार विलक्षण वाटतो. रोज दीड किलोची उलाढाल करून पाच-सात ग्रॅमची शिलकी बाजू चोख मिळवणारा कारकून कोणत्याही पेढीला मिळायचा नाही. प्रत्येक मूत्रपिंडात गाळण्याचे काम करणारी सुमारे १० लाख सूक्ष्म एकके असतात. ती एकेक करून निकामी होऊ लागली, की जास्तीचे मीठ वेळेवर बाहेर पडत नाही. मग शरीर रक्ताचा दाब वाढवून ते बाहेर ढकलू पाहते आणि त्या वाढलेल्या दाबाने उरलेली एककेही झिजतात. शिवाय आहारात मीठ जास्त असले, की रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांचा आणि लघवी वाढवणाऱ्या औषधांचा गुण कमी येतो. रुग्ण गोळी वाढली म्हणून हळहळतो, आणि ती वाढण्याचे कारण त्याच्याच पानात वाढलेले असते.

मीठ कमी केल्याने रक्तदाब उतरतो, ही केवळ जुन्या जाणत्यांची समजूत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर या डॉक्टरांनी १९४०च्या दशकात अत्यंत गंभीर रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना भात, फळे आणि साखर एवढ्यावर, जवळजवळ मिठाविना ठेवले. त्या काळी रक्तदाबावर प्रभावी औषधे नव्हती, तरीही अनेक रुग्ण सुधारले. असा आहार आज कोणी घरी करून पाहू नये. तो रुग्णालयाच्या देखरेखीखालील शेवटचा उपाय होता. पुढे अमेरिकेतच ४१२ जणांवर झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश-सोडियम’ अभ्यासात मिठाचे प्रमाण तीन पायऱ्यांनी कमी करत नेले, तेव्हा प्रत्येक पायरीला रक्तदाब खाली आला.

‘वरून मीठ घेत नाही हो’

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही मर्यादा सांगितली आहे. सोडियमच्या भाषेत ते २००० मिलिग्रॅम होते आणि मापात चहाचा एक सपाट चमचा. त्यात दिवसभराचे सर्व काही आले. आपल्या देशातील प्रत्यक्ष सेवन मात्र निरनिराळ्या पाहण्यांनुसार ८ ते ११ ग्रॅमच्या आसपास आढळले आहे, म्हणजे मर्यादेच्या दीडपट ते दुप्पट.

हे आकडे सांगून ‘आपल्या घरी किती मीठ खाल्ले जाते?’ असे विचारले, की ठरलेले उत्तर येते : ‘वरून मीठ घेत नाही हो.’ हे उत्तर खोटे नसते. आपल्याकडे पान वाढताना मीठ आधी वाढण्याची रीत आहे आणि डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्या मिठाला बोट लावले नाही, असे बहुतेकांचे प्रामाणिक म्हणणे असते. परंतु पानातले ते मीठ एकूण मिठाचा लहानसा भाग असते. खरे मीठ आमटीच्या पातेल्यात, भाजीच्या कढईत, भाकरीच्या पिठात आणि ताकाच्या गडव्यात असते. ‘आम्ही बेतानेच घालतो’ या वाक्यातला बेत प्रत्येक घरी निराळा असतो, कारण मीठ चिमटीने आणि अंदाजाने घालतात, आणि तो अंदाज सासूबाईंच्या हातून सूनबाईंच्या हाती आलेला असतो.

म्हणून आमच्या कार्यालयाने एक साधी पद्धत सुचवली आणि आहारतज्ज्ञांनी ती पाठात घेतली. मिठाची नवी पिशवी फोडली, की तिच्यावर त्या दिवसाची तारीख लिहावी. संपली, की संपल्याची तारीख लिहावी. घरात जेवणारी माणसे मोजावीत. एवढ्या तीन आकड्यांवर घराच्या मिठाचा ताळेबंद निघतो.

समजा, घरात पाच माणसे आहेत आणि एक किलोची पिशवी २० दिवसांत संपली. १००० ग्रॅमला २० ने भागले, की दिवसाचे ५० ग्रॅम, आणि पाच माणसांत प्रत्येकी १० ग्रॅम. हीच पिशवी ४० दिवस पुरली असती, तर प्रत्येकी ५ ग्रॅम झाले असते. परंतु ४० दिवसांवरही समाधान मानता येत नाही, कारण पिशवीबाहेरून येणारे मीठ या हिशेबात अजून धरलेलेच नाही. बाहेरचे मीठ एकूण मिठाच्या तिसऱ्या हिश्शाएवढे असेल, तर पिशवी ६० दिवस पुरली पाहिजे. लहान मुलाचे जेवण मोठ्या माणसाएवढे नसते, पाहुणे येतात-जातात, पातेल्यात काही उरते, हे सर्व मान्य आहे. तरीही हा ठोकळ हिशेब ‘बेताने’ या शब्दापेक्षा पुष्कळ विश्वासार्ह ठरतो. पाठाला आलेल्या बायका बोटांवर दिवस मोजू लागतात आणि मग वर्गात जी शांतता पसरते, ती आम्हांस कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाची वाटते.

पिशवीबाहेरच्या मिठाची खाती अनेक आहेत. लोणच्याचे खाते सर्वांत मोठे. घरच्या कैरीच्या लोणच्याच्या दहा ग्रॅमच्या फोडीत एक ते दीड ग्रॅम मीठ सहज असते. म्हणजे दोन वेळा एकेक फोड घेतली, तरी दिवसाच्या मर्यादेचा निम्म्यापर्यंतचा भाग तेवढ्यातच गेला. भाजलेल्या पापडात साधारण अर्धा ग्रॅम. पापडखारातही सोडियम असते, हे आणखी. सांडगी मिरची, कुरडया, फरसाण, शेव, खारे शेंगदाणे, खारी आणि बटर ही चहाबरोबरची मंडळी. कोकणात सुकट, सुके बोंबील आणि खारा बांगडा. देशावर ठेचा आणि तयार कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात वाळवणांसाठी आणि लोणच्यांसाठी जे जाडे मीठ वेगळे आणले जाते, ते स्वयंपाकाच्या हिशेबात कोणीच धरत नाही. हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले, तर तो वर्षभरावर विभागून टाकायचा खर्च आहे. वैशाखात एक किलो मीठ लोणच्यात गेले आणि ते लोणचे पाच माणसांनी वर्षभर खाल्ले, तर प्रत्येकाच्या खात्यावर रोज अर्धा ग्रॅम चढतो.

खाण्याच्या सोड्याचे खाते बहुतेकांना ठाऊकच नसते. तो खारट लागत नाही, म्हणून त्याच्यावर संशय येत नाही. परंतु चहाच्या सपाट चमचाभर सोड्यात बाराशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते. ढोकळ्यात आणि भज्यांत तो जातोच. शिवाय पित्तावर पाण्यात फसफसवून घेतल्या जाणाऱ्या चूर्णांत आणि पाण्यात विरघळवायच्या काही वेदनाशामक गोळ्यांतही तो असतो. लवणभास्कर चूर्णाच्या तर नावातच लवण आहे. रोज रात्री जेवणानंतर ते घेणारा रुग्ण ‘औषध घेतो’ असे सांगतो, ‘मीठ खातो’ असे सांगत नाही. यासाठी घरात घेतली जाणारी सर्व चूर्णे आणि गोळ्या एकदा डॉक्टरांना दाखवाव्यात.

पाकीटबंद पदार्थांवर सोडियमचा आकडा छापलेला असतो. त्याला अडीचने गुणले, की मिठाचा आकडा मिळतो. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल, तर त्यात दोन ग्रॅम मीठ आहे. अक्षरे बारीक असतात. ती वाचण्याचे काम घरातल्या शाळकरी मुलांना द्यावे, ती आवडीने करतात.

सैंधव आणि काळे मीठ यांविषयी प्रत्येक वर्गात प्रश्न येतो. उपवासाला चालते म्हणजे ते मीठ नव्हे, अशी अनेकांची समजूत आहे. दोन्हींचा मुख्य भाग सोडियम क्लोराइडच आहे. गुलाबी असो, काळे असो वा खडे असो, हिशेबात ते मीठच धरावे. जे थोडे मीठ वापरायचे ते आयोडीनयुक्त असावे, हे मात्र आवर्जून सांगावेसे वाटते.

एका घरात दोन चुली नकोत

रुग्णासाठी वेगळे अळणी शिजवावे आणि बाकीच्यांसाठी नेहमीसारखे, हा मार्ग बहुतेक घरे प्रथम निवडतात. तो टिकत नाही. करणारी एकटी आणि पातेली दोन, हे काही दिवसच जमते. शिवाय आयुष्यभर पंगतीत मानाने बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला आपले ताट वेगळे झाल्याचे दुःख होते. मग ते रागावतात, ताट सारतात, किंवा गुपचूप फडताळातल्या बरणीकडे जातात. सर्व घराचे मीठ हळूहळू कमी करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. रक्तदाबाची प्रवृत्ती पुष्कळदा घराण्यात चालत आलेली असते. तेव्हा मुलांना आणि नातवंडांनाही त्याचा लाभच होतो.

रक्तदाबाच्या रुग्णाच्या घरी मीठ एकदम तोडण्याची आवश्यकता नाही. चिमूट सोडून चमचा वापरावा, दिवसाचे मीठ सकाळीच एका वाटीत काढून ठेवावे आणि दर पंधरा दिवसांनी त्या वाटीतून थोडे कमी करावे. भाताला आणि भाकरी-पोळीच्या पिठाला मीठ घालणे प्रथम थांबवावे. तोंडी लावणे चविष्ट असले, की ते कोणाच्या लक्षातही येत नाही. भाजीत मीठ अगदी शेवटी घालावे. वरच्या वर राहिलेले मीठ जिभेला अधिक जाणवते. लिंबू, आले, लसूण, मिरी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, ओवा, कढीपत्ता, कोथिंबीर, पुदिना आणि चुरचुरीत फोडणी यांनी उणीव पुष्कळ भरून निघते. जीभ काही आठवड्यांत नव्या चवीला सरावते, आणि मग जुनेच प्रमाण खारट लागू लागते. पहिला महिना कठीण जातो, हे मात्र आधीच सांगून ठेवलेले बरे. ज्यांना सूज आहे, धाप आहे किंवा ज्यांचे डायलिसिस सुरू आहे, त्यांना एवढी सवड नसते. त्यांचे प्रमाण डॉक्टर सांगतील ते, आणि त्याच दिवसापासून.

मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी विशेष

येथून पुढे दोन्ही गटांचा पाठ वेगळा होतो, आणि हा भाग कुटुंबीयांनी कृपया दोनदा वाचावा.

बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते. त्यातील काही सोडियम क्लोराइड काढून त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. मूत्रपिंडे निरोगी असलेल्यांना ते उपयुक्त ठरू शकते. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर जवळजवळ पाच वर्षे चाललेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रौढांसाठी अशा मिठाची शिफारस केली, परंतु मूत्रपिंडाचे कार्य बिघडलेल्यांना त्या शिफारशीतून स्पष्टपणे वगळले. याचे कारण असे, की दुबळी मूत्रपिंडे पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाहीत. ते रक्तात साठले, की हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि कधी कधी कोणतीही पूर्वसूचना न देता हृदय थांबते. रक्तदाबाच्या काही प्रचलित गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते. मुलगा शहरातून मोठ्या प्रेमाने, महाग घेऊन, ‘हे आजारी माणसांचे मीठ आहे’ म्हणून जे पाकीट आणतो, ते याच रुग्णासाठी घातक ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात फोडू नये.

शहाळ्याचेही तसेच. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे न्यावे, ही आपली जुनी आणि चांगली रीत आहे. परंतु एका शहाळ्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असू शकते. मूत्रपिंडाच्या रुग्णाचे पोटॅशियम वाढलेले असेल, तर ही भेट त्याला सोसत नाही. आमचे नम्र निवेदन असे, की या रुग्णांना भेटायला येणाऱ्यांनी रिकाम्या हाती यावे आणि अधिक वेळ बसावे. कमरख हे फळ तर मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पूर्णपणे वर्ज्य करावे. त्यातील द्रव्य मेंदूवर विषासारखा परिणाम करते आणि अशा रुग्णांत त्याने मृत्यूही ओढवले आहेत.

उपवासाचा दिवस या रुग्णांना विशेष जड जातो, हे बाहेरच्या माणसाला नवल वाटेल. बटाटा, रताळे, केळे, खजूर, शेंगदाणे आणि राजगिरा हे उपवासाचे पदार्थ पोटॅशियमने भरलेले आहेत आणि त्यांच्यावर सैंधव असतेच. एकादशी मोडावी, असे आम्ही कोणाला सांगत नाही. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा. उपवास धरायचाच असेल, तर काय आणि किती खावे, हे आहारतज्ज्ञांशी आधी बोलून ठरवावे, एवढीच विनंती. बटाट्याच्या आणि भाज्यांच्या लहान फोडी करून भरपूर पाण्यात उकळाव्यात आणि ते पाणी फेकून द्यावे, म्हणजे पोटॅशियमचा बराच भाग निघून जातो. पाणी टाकले म्हणजे सत्त्व गेले, असे घरच्या वडीलधाऱ्या बायका म्हणतात. या रुग्णाच्या बाबतीत ते जाणेच हिताचे आहे. अर्थात मूत्रपिंडाच्या प्रत्येक रुग्णाला पोटॅशियमचे पथ्य लागतेच असे नाही. रक्ताचा अहवाल पाहून डॉक्टर ते सांगतात, आणि शेजाऱ्याचे पथ्य आपल्याला लावून घेऊ नये.

डायलिसिसच्या रुग्णांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात साठणारे पाणी यंत्राला चार तासांत काढावे लागते. ते फार असले, तर रक्तदाब एकदम उतरतो, पायांत गोळे येतात आणि रुग्ण गळून जातो. यासाठी त्यांना मोजून पाणी प्यायला सांगितलेले असते. घरचे लोक मग तांब्या लपवतात, फुलपात्रे मोजतात, आणि रुग्ण रात्री उठून नळाखाली ओंजळ धरतो. अशा रुग्णाला मनाचा दुबळा म्हणणे अन्यायाचे आहे. खारट जेवलेल्या माणसाला तहान लागणारच. रक्तातला खारेपणा वाढला, की मेंदू पाणी मागतो, आणि त्या मागणीपुढे कोणाचा निश्चय फार काळ टिकत नाही. जेवणातले मीठ उतरले, की तहान आपोआप उतरते आणि दोन डायलिसिसमधले वाढते वजनही. पाण्यावर पहारा ठेवण्याआधी मिठाच्या डब्यावर ठेवावा, असे आमच्या डायलिसिस कक्षातील परिचारिका सांगतात. दिवाळीच्या फराळानंतरच्या पंधरवड्यात त्यांना हे वाक्य अधिक वेळा उच्चारावे लागते.

एक इशारा उलट बाजूचाही आहे. काही मूत्रपिंडविकारांत मीठ अंगात साठण्याऐवजी लघवीवाटे वाहून जाते. जुलाब-उलट्यांत ते घटते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांत रक्तातील सोडियम कधी कधी फार खाली जाऊन गुंगी येते, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी मिठाचे पथ्य अधिक कडक करत बसणे धोक्याचे असते. रुग्णाला त्वरित दाखवावे. उत्साहाच्या भरात मीठ पूर्ण बंद करण्याचा सल्ला आम्ही कोणालाही देत नाही.

हिशेबाची तपासणी

घरचा ताळेबंद कितीही प्रामाणिक असला, तरी त्याला लेखापरीक्षण लागते, आणि मिठाच्या बाबतीत ते उपलब्ध आहे. खाल्लेल्या सोडियमपैकी सुमारे ९० टक्के लघवीवाटे बाहेर पडते. त्यामुळे पूर्ण २४ तासांची लघवी साठवून तिच्यातील सोडियम मोजले, की मिठाचे बऱ्यापैकी खरे प्रमाण कळते. आकडा १०० मिलिमोल आला, तर सहा ग्रॅमच्या आसपास मीठ खाल्ले गेले, असे समजावे. एका दिवसाच्या नमुन्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. आदल्या दिवशी लग्नकार्य असेल, तर आकडा फुगतोच. डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास ते ही तपासणी सांगतात. रोजच्यासाठी वजनकाटा पुरेसा आहे. सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावे. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, तर सुजेची वाट न पाहता दवाखान्यात यावे.

या सर्व कामाचा खर्च विश्वस्त मंडळाने विचारला, तेव्हा आम्ही सादर केलेली यादी अशी होती : मोजमापाचे चमचे, एक लहान तराजू, वजनकाटा, छापील तक्ते आणि आहारतज्ज्ञांचा वेळ. यांतील शेवटची बाब वगळता सर्व किरकोळ आहे, आणि शेवटचीच खरी महत्त्वाची आहे. एका कुटुंबाशी नीट बोलायला अर्धा तास लागतो आणि तेवढा वेळ गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात सहज निघत नाही. ज्या देणगीदारांना आपली देणगी यंत्राऐवजी माणसाच्या वेळासाठी द्यावीशी वाटेल, त्यांनी कार्यालयात अवश्य भेटावे.

पाठाला येताना रुग्णाबरोबर घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने यावे. पुरुष रुग्ण एकटे येऊन तक्ता खिशात घालून जातात आणि तो तक्ता स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही. येताना चालू गोळ्यांची आणि चूर्णांची पाकिटे, मागील रक्ततपासणीचे कागद, घरात मीठ घालण्यासाठी वापरला जाणारा चमचा आणि मिठाची रिकामी पिशवी आणावी. पिशवी फोडल्याची आणि संपल्याची तारीख तिच्यावर लिहिलेली असावी.